गावाची लाईट तुमच्या डब्यात

निमवाडी,
ता. ९ ऑगस्ट १९७२

रंगनाथ भाऊजी यांस,

मनकर्णावहिनीचे आशीर्वाद. थोरल्या भावाची बायको म्हणून आशीर्वाद लिहायचा असतो म्हणून लिहिला, मनात आहे म्हणून नव्हे. हे आधी सांगून टाकलेलं बरं.

तुमचा सालदार कारभारी काल गिरणीत आला आणि उंबऱ्याबाहेर उभा राहून तुमचा निरोप सांगून गेला. गिरणी बंद करा, मोटार विकून टाका आणि मळ्यातल्या घरी राहायला या. म्हणजे माझ्या धाकट्या जावेला, बनुबाईला, स्वयंपाकात हात होईल आणि मला दोन वेळचं जेवण आणि वर्षाला लुगडं-चोळी मिळेल. वर असंही म्हणालात म्हणे, की आपल्या घरातली बाई पिठात माखून गिरणीत बसते ते लोकांत बरं दिसत नाही. तुमचे भाऊ पिठात माखून बसायचे तेव्हा बरं दिसत होतं. त्याच पिठावर तुम्ही श्रीरामपूरला शिकलात. आता तिथंच घर बांधलंत आणि आठवड्यातून एकदा जीपमधून गाव बघायला येता.

मी येणार नाही. वाटणीत नदीकाठची काळी जमीन तुम्ही घेतलीत, मला माळाचा तुकडा आणि गिरणी दिलीत. तेव्हा मी तोंडातून शब्द काढला नाही, कारण गिरणी चालत होती. दिवसभर दळण असायचं. संध्याकाळी मी माझ्या चुलीवर माझी भाकरी थापत होते आणि कोणाच्या तोंडाकडे बघायची वेळ येत नव्हती. ही गिरणी गेली तर मला तुमच्या चुलीपुढे बसावं लागेल, हे तुम्हाला माझ्यापेक्षा आधी कळलं. म्हणून तर निरोप आला.

गिरणी का चालत नाही, तेही लिहिते. मला वाटायचं, दुष्काळ आहे, पाऊस नाही, धरणात पाणी नाही, वीज सगळीकडेच कमी आहे. पेपरातही तसंच येतं. गावात लाईट गेली की आम्ही सरकारला दोन शिव्या घालायचो आणि डबे झाकून बसायचो. पण गाव अंधारात असताना नदीवरच्या पाण्याच्या मोटारींचा आवाज येतो, तो किती दिवस ऐकू येणार नाही? ट्रान्सफॉर्मर एकच. त्यातून एक लाईन तुम्हा आठ बागायतदारांच्या मोटारींना, दुसरी गावाला. एक चालू आणि एक बंद, असं कसं होतं ते मी लाइनमनला विचारलं. त्याने बराच वेळ सायकलची साखळी बघितली. मग म्हणाला, “बाई, गावची लाईन चालू आसली की नदीवरच्या मोटारींना जोर पुरत न्हाई. रंगनाथरावांनी गावचे तिन्ही फ्यूज काढून घेतल्यात. त्यांच्या मळ्यात, मोटारीच्या खोलीत, बिस्किटाच्या डब्यात हायेत.”

गिरणीवर लाईट आली त्या दिवशी तुम्ही गिरणीच्या बटणाला हार घातला होता. आता गावातल्या प्रत्येक हाताला काम मिळेल, असं भाषण केलंत. तुमचे भाऊ समोर उभे राहून टाळ्या वाजवत होते. ते भाषण आम्ही खरं मानलं, ही आमची चूक म्हणायची. ते वारल्यावर गावातल्या लंकाबाई, रंगुबाई आणि मी मिळून मिरची कांडायचं यंत्र आणलं. श्रीरामपूरच्या व्यापाऱ्याला आमचं तिखट आवडलं. दर बाजाराला एक गोणी द्या म्हणाला. पहिले काही बाजार आम्ही दिली. मग लाईट जायला लागली आणि लागोपाठ दोन बाजार चुकले. तो म्हणाला, बाई, माल चांगला आहे, पण माझं गिऱ्हाईक तुमच्या लाईटची वाट बघत बसत नाही. लंकाबाई आता दुष्काळी कामावर खडी फोडते. यंत्रावर मी गोणपाट टाकून ठेवलं आहे.

फ्यूज परत लावायला सांगा. या पत्रात मी विनंती करते आहे, पुढच्यात करणार नाही.

तुमची वहिनी,
मनकर्णा


निमवाडी,
ता. २० नोव्हेंबर १९७२

रंगनाथराव,

या वेळी आशीर्वाद लिहिलेला नाही. राहून गेलेला नाही.

माझं पत्र पोचल्यावर तुम्ही फ्यूज लावलेत, हे गावात सगळ्यांना सांगत फिरलात. कधी लावलेत ते नाही सांगितलंत. नदीवर आठही मोटारी चालू असायच्या तेवढ्याच वेळेला लावलेत. बल्बातली तार नुसती तांबडी दिसायची. मला वाटलं, येईल जोर, आणि मी गिरणीचं बटण दाबलं. मोटार घुमली, फिरेना, आणि मी बंद करेपर्यंत जळका वास आला. श्रीरामपूरला नेऊन आतली तार नव्याने भरून आणली. महिनाभरात पुन्हा तेच झालं. मग तुम्ही फ्यूज परत डब्यात ठेवलेत आणि म्हणालात, वहिनींना मोटार सांभाळता येत नाही.

दिवाळीत तुमच्या नव्या गिरणीचा नारळ फुटला. नदीवर, मोटारीच्या खोलीला लागून. तिथं लाईट जात नाही. गेलीच तर तुमच्याही पुढे कुठंतरी गेलेली असते. बनुबाईने मला पेढा पाठवला होता. मी तो कोंबड्यांना टाकला. बनुबाईवर माझा राग नाही, पण तो पेढा माझ्या घशाखाली उतरला नसता.

तुमच्या गिरणीत दळणाला पैसे घेत नाहीत, हे ऐकून आधी मला वाटलं माणूस सुधारला. मग कळलं. दळण हवं तर आठवड्यात एक दिवस तुमच्या उसात खुरपायला यायचं. मजुरी नाही, दळण हीच मजुरी. जी खुरपायला येईल तिचा डबा पुढे, जी येणार नाही तिचा मागे. दुष्काळात माणसं बसून आहेत, उसात गवत वाढलं आहे आणि लाईट एकट्या तुमच्याकडे आहे. डोकं तुम्हाला पहिल्यापासूनच होतं.

डब्यांच्या रांगेबद्दल तुम्हाला ठाऊक नाही, कारण तुम्ही गिरणीत कधी बसला नाहीत. लाईट दिवसभर असते तेव्हा रांगेकडे कोणी बघत नाही. डबा ठेवायचा, घरी जायचं, संध्याकाळी पीठ घेऊन जायचं. पाटलाच्या घरचा डबा पुढे की महारवाड्यातला, याने कोणाचं काही अडत नाही, सगळ्यांचं दळून होतं. लाईट घटकाभर आली की मात्र त्याच रांगेत भांडणं होतात. मग ज्याच्या घरात बसून असलेली बाई आहे तिचा डबा पुढे लागतो, आणि जी दिवसभर कामावर आहे ती अंधार पडता पडता येते, आणि तिचं धान्य तसंच परत जातं. माझ्याकडे हे होऊ लागलं तेव्हा मला लाज वाटायची. तुम्ही तर तोच धंद्याचा नियम केला.

लंकाबाईचं सांगते. तिला रेशनवर तांबडा मिलो मिळतो, परदेशातून आलेली ज्वारी. तो जात्यावर दळला जात नाही, हात सोलून निघतात. खडीच्या कामावरून सुटून ती डबा घेऊन तुमच्या गिरणीत गेली. कारभारीने विचारलं, खुरपायला कधी येणार? ती म्हणाली, खडीवर खाडा झाला तर माझं नाव कापतात. त्याने तिचा डबा भिंतीकडे सरकवून ठेवला. तीन दिवस तो तिथंच होता. शेवटी तिने मिलो भिजवून तसाच शिजवला आणि पोरांची पोटं बिघडली. माझ्याकडे येऊन बसली तेव्हा रडत नव्हती. म्हणाली, “मनकर्णाबाई, खडी फोडली की सरकार मजुरी देतं, अन् त्या मजुरीचा दाना दळायला रंगनाथरावाच्या उसात फुकट खुरपायचं. मंग मी कामाला हाय तरी कुनाच्या?”

 याचं उत्तर तुम्हाला येत असेल तर कळवा.

आता मी सूड उगवणार आहे. लपवून ठेवायचं काही कारण नाही, म्हणून पत्राने कळवते. कसा ते मला अजून सुचलेलं नाही. पण रोज सकाळी बंद गिरणी झाडते तेव्हा दुसरा विचार मनात येत नाही, आणि खरं सांगू का, त्याने झोप चांगली लागते.

मनकर्णा


निमवाडी,
ता. २८ जानेवारी १९७३

रंगनाथराव,

नदीपर्यंत आवाज येतो का? वारा गावाकडून असला तर येतो, असं कारभारीच सांगत होता. तुम्ही मळ्यात असता तेव्हा मुद्दाम ऐका. तो माझ्या गिरणीचा आवाज आहे.

शमशेरभाईंच्या मुबारकबीला तुम्ही ओळखता, माळावरच्या घरातली. लाईट आली तेव्हा त्यांनी विहिरीवरचं ऑईल इंजिन उतरवून मोटार बसवली होती. तुमच्याच सांगण्यावरून. आता विहिरीला पाणी नाही आणि लाईनला लाईट नाही. इंजिन चिंचेखाली पडून होतं, त्याच्या चाकाच्या आडोशाला कोंबडी अंडी घालत होती. मी बघायला गेले तेव्हा मुबारकबीने कोंबडी उठवली आणि म्हणाली, “मोटारीला लाईट लागती, लाईटीला रंगनाथराव लागतोय. आमच्या इंजनाला नुसतं तेल लागतं. घेऊन जावा. कमाईत निम्मी पाती माझी.”

शमशेरभाईंनी ते खोलून साफ केलं, गिरणीच्या मागच्या भिंतीला भोक पाडून पट्टा आत घेतला. हँडल मारायला दोघी लागतात, मी आणि मुबारकबी. पहिल्या दिवशी आम्ही हँडल मारून मारून घामाघूम झालो आणि ते नुसतं शिंकत राहिलं. बघायला जमलेली पुरुषमाणसं हसायला लागली. मग ते लागलं. भिंतीवरची माती पडली, पाखरं उडाली आणि रंगुबाईने पहिला डबा ओतला. मी त्या दिवशी पिठात उभी राहून रडले. पण ते आनंदाने, गैरसमज नको.

आता सकाळी उन्हं आली की हँडल मारायचं आणि शेवटचा डबा होईस्तोवर बंद करायचं नाही, असा आमचा नियम आहे. मधे कोणीही आलं तरी इंजिन थांबत नाही, कारण थांबवलं तर पुन्हा लावायला जीव जातो. खडीवरच्या बायका येईपर्यंत आम्ही चालू ठेवतो. त्यांना दळून मिळतं हे कळल्यावर तुमच्या उसात खुरपायला कोण येईल? मी तिकडून गेले होते. गवत गुडघ्याला लागतं. छान दिसतं.

तुम्ही पुणतांब्याच्या तेलवाल्याला निरोप पाठवलात, की गिरणीवालीला तेल देऊ नको. त्याने दिलं नाही. मुबारकबीचा भाऊ श्रीरामपूरला आहे, तो बैलगाडीतून पिंप पाठवतो. तुमच्याच घरावरून गाडी येते. ओट्यावर बसला असाल तर हात करा.

मी हरखून गेले आहे असं समजू नका. इंजिनावरचं दळण महाग पडतं. लाईटवर जेवढ्यात पायली दळून व्हायची तेवढ्यात आता निम्मी होते, आणि बायकांकडून जास्त घेताना माझी जीभ अडखळते. मिरचीच्या यंत्राला हा पट्टा चालत नाही, ते गोणपाटाखालीच आहे. श्रीरामपूरचा व्यापारी आता कोपरगावकडचं तिखट घेतो. लाईट नीट असती तर आज आम्ही तिघी नव्हे, दहा-बाराजणी त्या कामावर असतो, आणि लंकाबाईच्या हाताला खडीने घट्टे पडले नसते. हे सगळं तुम्ही आठ मोटारींसाठी केलंत. त्यातल्या पाण्याचा एक पाटही गावाच्या रानात आलेला नाही. तुमचा ऊस वाळावा असं मी कोणाजवळ बोलत नाही, पण मनात रोज म्हणते.

मनकर्णा


निमवाडी,
ता. १९ मार्च १९७३

रंगनाथराव,

ट्रान्सफॉर्मर मी जाळला असं तुम्ही श्रीरामपुरात सांगता, म्हणून हे लिहिते. मी जाळलेला नाही. काय झालं ते तुम्हाला कोणी नीट सांगणार नाही, कारण तुमच्याशी नीट बोलणारं गावात कोणी उरलं नाही.

त्या दिवशी सकाळपासून सगळीकडचीच लाईट गेलेली होती. कारभारी तुमच्या लेकीच्या, रतनच्या, लग्नाच्या सुपारीच्या सामानासाठी जीपबरोबर श्रीरामपूरला गेला होता. नदीवर कोणी नव्हतं. आठहीजणांच्या मोटारी तोच सांभाळतो. जाताना त्याने नेहमीसारख्या आठही स्टार्टरांना लाकडाच्या पाचरी मारून ठेवल्या होत्या. लाईट गेली की स्टार्टर सुटतो आणि माणसाला पुन्हा दाबावा लागतो. तेवढ्यासाठी माणूस ठेवायला नको, म्हणून ही तुमची युक्ती. पाचर मारली की लाईट येताच मोटार आपली आपण सुरू होते. इतर वेळी कारभारी मळ्यात कामाला असायचा, तो येऊन निम्म्या पाचरी काढून एकेक मोटार लावायचा. नदीच्या लाईनच्या फ्यूजमध्ये तारेऐवजी तांब्याचा जाड तुकडा घातला होतात, तोही तुमच्याच डोक्याने, कारण फ्यूज सारखा उडायचा.

दुपारी लाईट आली. आठही मोटारी एकदम उठायला गेल्या. जोर पुरेना. मोटारी फिरेनात, नुसत्या घुमू लागल्या. त्या दिवशी खडीला सुट्टी होती, म्हणून लंकाबाई डोहावर पाण्याला गेली होती, तिने ऐकलं. घागर टाकून पळत गिरणीत आली. म्हणाली, खोल्या उघड्याच हायेत, पाचरी काढू का?

मी इंजिनाजवळ उभी होते. मी म्हटलं, “त्यांच्या खोलीला हात लावू नको. उद्या चोरीचा आळ तुझ्यावर येईल.”

हे खरंच होतं. आळ आलाच असता. पण मी एवढ्यासाठीच म्हटलं, असं मात्र मी तुम्हाला लिहिणार नाही. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि ती खाली बसली. आम्ही दोघी वाट बघत होतो. आधी मोटारींच्या खोल्यांतून धूर निघाला, मग ट्रान्सफॉर्मरमधून मोठा आवाज झाला आणि काळं तेल खांबावरून ओघळलं. मला वाटलं होतं जास्त बरं वाटेल. बरं वाटलं, पण लंकाबाईकडे बघवलं नाही. गावची लाईट आता येणारच नाही, हे तिला माझ्या आधी कळलं होतं.

मग चौकशीला वीज मंडळाचे साहेब आले. तुम्ही चांगले कपडे घालून आलात आणि सांगितलंत की गावातल्या लोकांनी तारांवर आकडे टाकून लाईट चोरली, त्याने ट्रान्सफॉर्मर जळाला. गावची लाईन कायमची तोडा, नवा ट्रान्सफॉर्मर फक्त नदीवर द्या, असं म्हणालात. सगळं गाव ऐकत होतं. एकही पुरुष बोलला नाही, निम्मे तुमच्या उपकाराखाली आणि निम्मे तुमच्या भाऊकीतले. मी डोक्यावरचा पदर पुढे घेतला आणि साहेबांना विचारलं, गावचे फ्यूज बघितले का? ते म्हणाले, खांबावर नाहीत, चोरीला गेले असतील. मी म्हटलं, चोरीला गेलेले नाहीत, मोटारीच्या खोलीत बिस्किटाच्या डब्यात आहेत.

कारभारीने तुमच्याकडे बघितलं. तुम्ही त्याच्याकडे बघितलं नाही, तिथं तुम्ही चुकलात. तो माणूस दहा वर्षं तुमचा सालदार आहे आणि त्या दिवशी तुम्ही सगळ्यांसमोर म्हणाला होतात की पाचरी त्याने मारल्या, तुम्हाला ठाऊक नाही. तो मुकाट गेला आणि डबा घेऊन आला. साहेबांनी झाकण काढलं. तिन्ही फ्यूज आत होते, वर गंज चढलेला. साहेब म्हणाले, रंगनाथराव, गावची लाईन बंद होती तर गावाने ट्रान्सफॉर्मर जाळला कसा?

तुमचं तोंड त्या वेळी मी नीट बघून घेतलं. पुष्कळ दिवस पुरेल.

नवा ट्रान्सफॉर्मर पावसाळ्यानंतर येईल असं साहेब म्हणाले. कुठल्या पावसाळ्यानंतर ते बोलले नाहीत. तोवर तुमच्या आठ मोटारी बंद आणि तुमची गिरणी बंद. गावही बंद, त्याचं मला वाईट वाटतं. तुमचं नाही वाटत.

मनकर्णा


निमवाडी,
ता. ६ मे १९७३

रंगनाथराव,

काल तुम्ही गिरणीत आलात. तुम्ही काय बोललात ते मला ऐकू आलं नाही, म्हणून पत्राने उत्तर देते.

कशाला आला होतात ते बनुबाईकडून आधीच कळलं होतं. ती बिचारी परवा दिवसभर उन्हात कुंकवाचा करंडा घेऊन घरोघर फिरली. रतनचं लग्न, गाव जेवणार, व्याही राहुरीकडचे मोठे लोक. रिवाजाप्रमाणे तिने प्रत्येक घरात कुंकू लावून आवतन दिलं, की पोळ्या लाटायला या. निमवाडीत कोणाचंही लग्न असो, बायका आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन जातात आणि मांडवामागे बसून लाटतात. याचे पैसे कोणी देत नाही आणि कोणी मागत नाही. आज तुझ्या दारी, उद्या माझ्या दारी, असं ते चालतं. पैसे देऊन लाटायला बायका आणल्या तर लोक विचारतात, या घराला गाव नाही का?

पण तुमच्या उसात याच बायकांनी खुरपलं होतं. प्रत्येकीने कुंकू लावून घेतलं, बनुबाईला पाणी दिलं आणि सांगितलं, “मनकर्णाबाईंना इचारते.” मी त्यांना शिकवलेलं नाही. शिकवलं असतं तर इथं अभिमानाने लिहिलं असतं.

बनुबाई संध्याकाळी माझ्याकडे आली. पोत्यावर बसून खूप रडली. मला तिचं वाईट वाटलं, तिने माझं कधी काही बिघडवलं नाही. रतन तर माझ्या मांडीवर वाढलेली पोर. तुमचे भाऊ तिला गिरणीच्या काट्यावर बसवून तोलायचे. तिच्या लग्नात असं व्हावं असं मला वाटत नव्हतं. मी तुमच्यावर सूड मागितला होता, त्यात ती कुठं होती?  पण बनुबाईला मी एवढंच सांगितलं, की मी विधवा बाई, लग्नघरच्या आवतनात माझा शब्द कसला? ज्यांनी खुरपून घेतलं त्यांनी बायकांना येऊन सांगावं. ती म्हणाली, आक्का, ते आले तर बायका येतील? मी म्हटलं, येऊ तर द्या.

तुम्ही आलात. खरं तर मला वाटलं नव्हतं. गर्दीच्या वेळेला आलात, सगळ्या बायका होत्या. पांढरं धोतर, पांढरा सदरा. दारात उभे राहून तुम्ही काहीतरी बोललात. तुमचे ओठ हलताना दिसले. इंजिन चालू होतं. तुम्ही हाताने खूण केलीत, की ते जरा बंद करा. मुबारकबीने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली नाही.

तुम्ही आत आलात आणि ओरडून बोलू लागलात. मला “रतन” एवढं कळलं, आणि एकदा “वहिनी”. बाकीचं इंजिनात गेलं. लंकाबाईचा डबा चालू होता, तिने वळून तुमच्याकडे बघितलं आणि बोटाने रांगेचा शेवट दाखवला. सगळ्या बायका बघत होत्या. तुम्ही जाल असं मला वाटलं, पण लग्न तीन दिवसांवर आहे. तुम्ही गेलात आणि रांगेत शेवटी, मिलोच्या डब्यांच्या मागे उभे राहिलात.

तुम्ही तिथं किती वेळ उभे होतात ते मी मोजलं नाही. उघड्या दारातून लोक बघून जात होते. तुमचा सदरा पिठाने भरला, भुवया पांढऱ्या झाल्या. त्या वेळी तुम्ही अगदी तुमच्या भावासारखे दिसलात, आणि माझे हात क्षणभर थांबले. तेवढ्यात हे मिटवून टाकावं असं मनात आलं, ते मी कबूल करते. मग तुमच्या पुढच्या बाईचं दळण झालं आणि तुमचा नंबर आला. मी सगळ्यांपुढे करते तसा तुमच्यापुढे डब्यासाठी हात केला. तुमच्या हातात काहीच नव्हतं. तुम्ही तोंड माझ्या कानाशी आणून पुन्हा बोललात. नसेलच ऐकू येत, तर काय करायचं? मागून खडीवरच्या बायका येत होत्या, त्यांना वाट द्यायला तुम्ही बाजूला झालात, आणि मग निघून गेलात.

माफी मागत होतात की हुकूम सोडत होतात, हे मला खरंच माहीत नाही. गावात दोन्ही बोललं जातं. लंकाबाई म्हणते, डोळ्यांत पाणी होतं. मुबारकबी म्हणते, पिठानं येतंच.

माझी गिरणी लाईटवर असती ना, रंगनाथराव, तर तुम्ही दारात उभे असताना ती दोनदा तरी बंद पडली असती. सगळं गप्प झालं असतं. तुम्हाला काय बोलायचं होतं ते सगळ्या बायकांनी ऐकलं असतं आणि मीही ऐकलं असतं. कदाचित लाटायलाही आल्या असत्या.

रतनला माझा आशीर्वाद सांगा, हा मनापासून आहे. तिच्यासाठी चोळीचा खण बनुबाईकडे दिला आहे. श्रीरामपूरहून आचारी आणावे लागतील, आजच निरोप पाठवा. व्याह्यांनी विचारलं तर काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा.

मनकर्णा मच्छिंद्र, गिरणीवाली